मुलींचा जीवन कौशल्याचा तास: सांगून भागत नाही, करून घ्यावा लागतो

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्यातल्याच एका माध्यमिक शाळेतल्या मॅडम आहेत, आठवी-नववीच्या मिळून बेचाळीस मुली, मुख्याध्यापकांनी शनिवारचा शेवटचा पिरियड दिलाय आणि "जीवन कौशल्याचं काहीतरी घ्या" एवढंच सांगितलंय. मॅडमनी दोन शनिवार पीपीटी दाखवून सेशन घेतलं तर मुली एकतर माना खाली घालून बसल्या नाहीतर तोंडावर ओढणी धरून हसत राहिल्या, प्रश्न एकीनेही विचारला नाही. आता पुढे काय करू, यासाठी वेगळं ट्रेनिंग लागतं का, पालक ओरडतील का, आणि एखादीने घरातलं काही गंभीर सांगितलं तर मी काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, मी सतरा वर्षं हेच काम करतेय, येरवडा, जनता वसाहत, अप्पर इंदिरानगर, हडपसर अशा भागांत, महापालिकेच्या शाळांमध्येही आणि खासगी शाळांमध्येही, आणि पहिल्या दोन सेशनला मुली बोलल्यात असं मला तरी फारसं आठवत नाही. त्यामुळे निराश होऊ नका. पण पीपीटी बंद करा. पडद्यावर "निर्णयक्षमता" असा शब्द आणि त्याखाली चार मुद्दे आले की मुलींना तो नागरिकशास्त्राचा धडा वाटतो, त्या वही काढतात आणि उतरवून घ्यायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा कौशल्यं सांगितली, स्वतःची ओळख, दुसऱ्याचं दुःख समजणं, नीट विचार करणं, नवं सुचणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, बोलणं, नाती सांभाळणं, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं, ही यादी चांगलीच आहे आणि मी आजही तिच्यावरूनच वर्षाचं नियोजन करते, पण ती आपल्यासाठी असते, मुलींना वाचून दाखवायची नसते. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो ना, तिथे ढोलाबद्दल कोणी भाषण देत नाही, हातात टिपरू देतात आणि हात दुखेपर्यंत वाजवून घेतात. आपला तास तसा पाहिजे.

म्हणजे नेमकं कसं, तर एक सेशन सांगते. विषय होता बसमधल्या गर्दीत कोणी अंगाला अंग लावून उभं राहिलं तर. दोन बाक समोरासमोर लावले, मधे बसची वाट, सहा मुली प्रवासी, एक कंडक्टर आणि एक मुलगी तो काका. आठवीतली एक बारीक चणीची मुलगी, तिचं काम फक्त एवढं की मागे वळून मोठ्याने म्हणायचं, "काका, मागे सरका." पहिल्यांदा तिच्या तोंडून फक्त "अहो" आलं, तेही तिलाच ऐकू आलं असेल. दुसऱ्यांदा वाक्य पूर्ण झालं पण नजर जमिनीवर. तिसऱ्यांदा तिने वर बघितलं आणि तेवढ्यात थांबून मलाच विचारलं, "पण ताई, कंडक्टर मलाच ओरडला तर?" हा प्रश्न कुठल्याच पीपीटीत नसतो आणि खरी भीती तीच असते. मग आम्ही ओरडणारा कंडक्टर करून बघितला, मग शेजारी बसलेली बाई मदत करते तो प्रसंग केला, मग कोणीच मदत करत नाही तो पण केला, पुढच्या स्टॉपला उतरून काय करायचं, मैत्रिणीला कुठे भेटायचं, ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन कधी लावायचा. अख्खा पिरियड एका वाक्यावर गेला आणि मला तो वाया गेला असं अजिबात वाटत नाही, कारण शेवटी ती मुलगी जे म्हणाली ते बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेलं.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलींना फार उत्साहाने "नाही म्हणायला शिका" शिकवायचे. एका शाळेत नववीतली एक मुलगी घरी गेली आणि भावाने पाणी मागितल्यावर "तू घे उठून" म्हणाली. भावाने हात उचलला, आईने भावाचीच बाजू घेतली, मुलीला चार दिवस शाळेत पाठवलं नाही. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला शब्द दिला होता पण तो वापरायचा कुठे, कोणासमोर, त्यानंतर काय होऊ शकतं आणि तेव्हा तिच्या बाजूने कोण उभं राहणार, यातलं काहीच दिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे कुठलाही "नाही" शिकवायच्या आधी एक तास असतो, त्यात प्रत्येक मुलगी हाताचा पंजा कागदावर काढते आणि पाच बोटांवर पाच माणसं लिहिते जी तिचं ऐकून घेतात. बऱ्याच मुलींची दोन बोटं रिकामी राहतात, काहींची चार. रिकाम्या बोटांवर आपण सगळे मिळून नावं शोधायची, मावशी, आजी, क्लासच्या ताई, अंगणवाडीच्या सेविका, शाळेतल्या शिपाई मावशी, आणि एका बोटावर १०९८ लिहायचं, तो मुलांसाठीचा नंबर आहे, फुकट लागतो, रात्रीही लागतो. हा पंजा भरल्याशिवाय मी पुढे जात नाही.

घरी बोलायचं कसं याचाही सराव होतो. यासाठी माझी आवडती पद्धत म्हणजे मुलीला स्वतःचं काम न देता वडिलांचं द्यायचं. एका मुलीला दहावीनंतर पुढे शिकायचं होतं आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. तिला म्हटलं तू पप्पा हो, तुझी मैत्रीण तू होईल. ती खुर्चीवर बसली, पाय पसरले, मोबाईल हातात घेतला, वर न बघता म्हणाली, "कॉलेज किती लांब आहे? कोण सोडणार? अंधार पडल्यावर यायचं का?" सगळा वर्ग गप्प झाला, इतका तो आवाज खरा होता. आणि त्या तीन प्रश्नांत तिला स्वतःलाच कळलं की पप्पांची अडचण शिक्षण ही नाहीये, रस्ता ही आहे. मग पुढचे दोन पिरियड आम्ही बस कुठली, किती वाजता सुटते, सोबत कोण आहे, फी किती, स्कॉलरशिपचा फॉर्म कुठे मिळतो हे शोधण्यात घालवले आणि ती ही सगळी माहिती घेऊन घरी बोलली. तिचं कॉलेज झालं. सगळ्यांचं असं होत नाही हेही सांगते, काही घरांत कितीही तयारी केली तरी लग्न ठरतं, आणि तेव्हा २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा, मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१, हे मुलींना नीट पाठ असावं लागतं आणि शाळेने १०९८ ला फोन करायची तयारी ठेवावी लागते. हा प्रश्न जुना झाला असं समजू नका, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं, म्हणजे दर पाचातली एक.

किती तास लागतात हे लोक विचारत नाहीत पण विचारायला हवं. आपल्याकडे पाचोडच्या आरोग्य संस्थेने तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गावांत १९९० च्या दशकाच्या शेवटी किशोरींसाठी जीवन कौशल्याचा कोर्स घेतला होता, वर्षभर, आठवड्याचे पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास, आणि शिकवणाऱ्या त्याच भागातल्या बायका. त्या गावांमध्ये मुलींचं लग्नाचं मधलं वय, म्हणजे ज्याच्या आत निम्म्या मुलींची लग्नं होतात ते, १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष ऐकायला कमी वाटतं, पण ते सोळाव्या वर्षी मिळालेलं एक वर्ष आहे हो. आणि त्यामागे किती तास आहेत ते बघा. म्हणून कोणी एक दिवसाचं शिबिर घ्या, बॅनर लावा, फोटो काढा म्हणालं तर मला खरंच वाईट वाटतं. तुम्हाला आठवड्याला चाळीस मिनिटं मिळालीत, सहामाही, गॅदरिंग, सुट्ट्या वजा जाता वर्षात बावीस-चोवीस पिरियड हातात येतात, त्यातले पहिले चार फक्त एकमेकींची ओळख आणि विश्वास यावर घाला, घाई करू नका. मुख्याध्यापकांना एवढंच सांगा की हा पिरियड गणिताच्या पोर्शनला द्यायचा नाही.

चिठ्ठ्यांचा डबा हे माझं सगळ्यात चालणारं साधन. बिस्किटाचा पत्र्याचा डबा किंवा बुटांचा खोका, झाकणाला चीर. नियम एकच, प्रत्येकीने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे कोणी लिहिलं हे कळत नाही. सगळ्यांना एकाच आकाराचे कागद द्या. तुम्ही त्यांच्या वर्गशिक्षिका असाल तर अक्षर ओळखू येईलच, पण ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही आणि चिठ्ठी वाचताना त्या मुलीच्या दिशेने बघायचं पण नाही. काय येतं त्यात? पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का, पांढरं जातं म्हणजे काही रोग आहे का, माझ्या छातीची एक बाजू लहान एक मोठी का आहे, मला क्लासमधला मुलगा आवडतो तर मी वाईट आहे का, आई-बाबा भांडतात तेव्हा अभ्यास होत नाही. एकदा नुसतं "मला झोप येत नाही" असं होतं. उत्तरं साधी आणि खरी द्या, येत नसेल तर पुढच्या वेळी विचारून सांगते म्हणा, आणि पुढच्या वेळी नक्की सांगा, मुली हे लक्षात ठेवतात.

पाळीबद्दल बोलताना मात्र नुसतं "लाज वाटायला नको" म्हणून काम होत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते, या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, पण सात दिवसांपेक्षा जास्त दिवस जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आलेली नसेल तर डॉक्टरकडे जायचं, एवढं प्रत्येकीला माहीत पाहिजे. आणि एक विनंती, हे सेशन घ्यायच्या आधी स्वतः जाऊन मुलींच्या टॉयलेटची कडी बघा. चार-सहा तासांनी पॅड बदला असं आपण सांगायचं आणि दाराला कडी नाही, आत नळाला पाणी नाही, डस्टबिन नाही, मग ती मुलगी सकाळी सातला लावलेला पॅड घरी जाईपर्यंत तसाच ठेवते किंवा ते चार दिवस येतच नाही. कडी बसवायला फार खर्च येत नाही, मी कित्येक शाळांमध्ये सेशनच्या आधी तेच करून घेतलंय.

मुली चिडचिड करतात, पेंगतात, लक्ष नसतं, अशी तक्रार असेल तर स्वभावाच्या आधी रक्त बघा. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना ॲनिमिया होता. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, मुली ती मळमळतं म्हणून खिडकीतून टाकतात, तर उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवणानंतर घ्यायची, सोबत चहा नको, लिंबू चालेल, एवढं सांगितलं आणि मधल्या सुट्टीनंतर आपल्यासमोर घ्यायला लावली की बराच फरक पडतो.

आता गंभीर गोष्टीचं. हे नीट वाचा. सेशन सुरू करायच्या पहिल्याच दिवशी मुलींना सांगायचं की इथलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं काही कळलं तर ते मी एकटी ठेवू शकत नाही, मला मदत आणावी लागेल, आणि आणायच्या आधी मी तुला सांगेन. "कोणालाही सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेचं नाव खराब होईल म्हणून आत मिटवू असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा. मुलगी सांगत असताना तुम्ही फक्त ऐकायचं. "तू तिथे का गेलीस", "आधी का नाही सांगितलंस" हे दोन प्रश्न तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. मी साधारण एवढंच म्हणते, "तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझी चूक नाही." खोदून विचारू नका, चारचौघींसमोर पुन्हा सांगायला लावू नका, ती गेल्यावर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ टाका. त्रास देणारा घरातलाच असेल तर घरी फोन करायच्या आधी १०९८ ला करा. मुलींना आणि आयांना पोलीस स्टेशनची फार भीती असते, त्यांना हे सांगा की जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि त्या वेळी गणवेश घालायचा नसतो. बरीच भीती तिथेच कमी होते.

हे सगळं ऐकून तुमच्याही मनावर येणार, येतंच. शाळांमध्ये २०२२ पासून मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तुमच्या शाळेत ती कागदावर असेल तर प्रत्यक्षात आणा, म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही. एखाद्या मुलीच्या मनगटावर ब्लेडच्या रेषा दिसल्या, किंवा जगावंसं वाटत नाही असं ती बोलली तर त्याच दिवशी घरच्यांशी बोला आणि डॉक्टरांची वेळ घ्या, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पालक ओरडतील का? ओरडतात, पण बहुतेकदा आधी सांगितलं नाही म्हणून. आयांची मीटिंग घ्या, पण सकाळी अकराला नको, त्या वेळी अर्ध्या आया सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करत असतात, आणि पाणी बंद असलेल्या गुरुवारीही नको. संध्याकाळी सातला वस्तीतल्या समाजमंदिरात बसा. मी तिथे एकच प्रश्न विचारते, "तुम्हाला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आधी कोणी काही सांगितलं होतं का?" त्यानंतर मला फारसं बोलावं लागत नाही. त्याच मीटिंगमध्ये आणखी एक गोष्ट मागून घ्या, मुलीने मोबाईलवर काही घाणेरडं आलं म्हणून दाखवलं तर फोन काढून घेणार नाही आणि शाळा बंद करणार नाही. मुली ब्लॅकमेल सहन करतात ते याच दोन भीतींपोटी. आलेला मेसेज डिलीट करायचा नाही, स्क्रीनशॉट काढायचा आणि पंजावरच्या एका माणसाला दाखवायचा, याचाही वर्गात सराव घ्या.

मुलींच्या या तासाच्या वह्या शाळेतच ठेवा, कपाटात, कुलूप लावून. घरी भाऊ वाचतो हे कळल्यापासून मुली खरं लिहायच्या थांबतात.

आणि वर्गाबाहेर पडा. आपलं सगळं काम भावनांवरच अडकतं, पण मुलीला स्वतःवर भरोसा वाटतो तो बरेचदा बँकेत. आम्ही मुलींना बँकेत नेतो, पैसे भरायची स्लिप भरायला लावतो. नववीतली हुशार मुलगी "अक्षरी रुपये" या रकान्यापाशी अडते, पेन तसंच धरून इकडे तिकडे बघते, मग शेजारच्या काकूंना विचारते, मग भरते. काउंटरवर पोचेपर्यंत तिची मान वर आलेली असते. तसंच महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढणं, पोलीस चौकीत जाऊन महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या दामिनी पथकाच्या ताईंना भेटणं. भिडे वाडा २०२३ मध्ये पाडला, पण त्या जागेपाशी नेता आलं तर न्या, १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा तिथे सुरू केली आणि १८५५ मध्ये त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. "आमचं कोण ऐकतंय ताई" म्हणणाऱ्या मुलींना मी हे सांगते आणि मग कागद पुढे ठेवते.

मुलगे? हवेतच. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुला-मुलींबरोबर स्त्री-पुरुष समानतेचं जे काम झालं त्यात वर्गातले तास आणि शाळेतली मोहीम दोन्ही मिळून जास्त फरक पडला, नुसत्या मोहिमेने तितका नाही. तुम्ही पहिले तीन महिने मुलींचा वेगळा ग्रुप ठेवा, नंतर महिन्यातून एकदा एकत्र घ्या, आणि तोवर मुलांसाठी एखादे सर तयार करा.

ट्रेनिंगचं म्हणाल तर सरकारचा शालेय आरोग्याचा कार्यक्रम २०२० पासून आहे, त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष एक स्त्री, असे तयार करायचे आहेत आणि अकरा विषय दिलेत. तुमच्या शाळेतून कोणी गेलंय का विचारा, साहित्य तरी मिळेल. पण त्यासाठी थांबू नका.

या शनिवारी एवढंच करा. बाक बाजूला सारा, सतरंजी टाका, गोल बसा, तुम्ही पण खाली बसा. ज्या मुलीला बोलायचं नाही तिने "पास" म्हणायचं, कोणी काही विचारणार नाही, हा नियम आधी सांगा. मग प्रत्येकीने आपलं नाव आणि ते कोणी ठेवलं एवढं सांगायचं, सुरुवात तुम्ही स्वतःपासून करा. शेवटची दहा मिनिटं चिठ्ठ्यांना ठेवा. डबा शुक्रवारीच तयार करून ठेवा, आणि त्या टॉयलेटच्या कडीचं सुताराला आजच सांगा.